गोसेखुर्दच्या पाण्यावर डोलकाठी: घरच्या कॅटामरानचं एक प्रकरण

सासरच्या गावात मला सगळे जवाईबापू म्हणतात, आणि जवाईबापू फिटर आहेत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मोटार जळो की ट्रॅक्टरचं काही तुटो, आधी चहा येतो आणि मागून काम. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, नावेले काठी बसवाची आहे, या." मला वाटलं वल्ह्याचं काही असेल.

जाऊन पाहतो तर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली दोन लांबट होड्या शेजारी शेजारी मांडलेल्या, आणि दोन आडव्या पाइपांनी एकमेकींना जोडलेल्या. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याने सुरुवात केली होती. ६ मिमीचं आयएस ७१० मरीन प्लाय, आठ फुटी दोन तुकडे जोडून सोळा फुटांच्या आसपास लांबी, बाहेरून ग्लास मॅट आणि रेझिन. काम स्वच्छ होतं, हे मान्य करायलाच हवं. अशा जोडहोडीला कॅटामरान म्हणतात. शब्द मूळचा तमिळ, 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेली लाकडं. मूळ कट्टुमरम दोन होड्यांचं नसतंच, तो ओंडक्यांचा तराफा असतो. दोन होड्यांची जोडणी पॅसिफिक बेटांवरची, नाव मात्र आपल्या पूर्व किनाऱ्याचं चिकटलं.

गाव गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातलं, वर पुनर्वसन झालेलं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मेहुणा जन्मलाही नव्हता. आज धरणाला ३३ दरवाजे आहेत, वैनगंगेचं पाणी मागे पसरलेलं आहे, आणि सासऱ्यांच्या पाच बांद्या, म्हणजे धानाची शेतं, त्या पाण्याखाली आहेत. शीड लावून तिथे फिरायचं, एवढंच त्याचं म्हणणं. मी कारण विचारलं नाही.

त्याला हवी होती आठ मीटरची ॲल्युमिनियमची डोलकाठी. व्हिडिओतली नाव होबी १६ असावी, परदेशातली एक तयार कॅटामरान. ती नाव ५.०५ मीटर लांब, शिडं सुमारे २० चौरस मीटर, काठी आठ मीटरच्या घरातली. आपली नावही साधारण तेवढीच लांब, मग काठी तेवढीच का नको? प्रश्न बरोबर होता. उत्तर मला घरापासून पाण्यापर्यंतच्या दीड किलोमीटरच्या पांदणीत मिळालं.

त्या पांदणीवरून ११ केव्हीची लाइन जाते. रस्ता ओलांडताना अशी तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच हवी, इतर ठिकाणी उघडी तार ४.६ मीटरवर असली तरी नियमात बसते. मे महिन्यात तापलेली तार आणखी खाली झुकते. नाव ट्रॉलीवर चढवली की तिची फळी जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर येते, त्यावर आठ मीटरची काठी. काठी आडवी ठेवूनच नेणार, हे कबूल. पण काठावर आल्यावर उभी कुठे करणार? तिथेही पंपांसाठी आणलेली जिवंत लाइन आहे. होबीच्या काठीचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा न ठेवता वीज न वाहणाऱ्या कंपोझिटचा करावा लागला, तो अशाच अपघातांमुळे. शीड लावणारी माणसं वाऱ्याला भितात, पण काठावर त्यांचा खरा वैरी तार असते.

म्हणून पहिला निर्णय उंचीचा. काठी ५.२ मीटर, त्याहून एक बोटही जास्त नाही. आणि लाइनपासून काठीच्या दुप्पट अंतर सुटल्याशिवाय ती उभी करायची नाही. मेहुणा हिरमुसला. त्याची समजूत शिडाने घातली: लग पद्धतीचं चौकोनी शीड, वरच्या कडेला आडवा बांबू. कोकणातले कोळी अशा वरच्या आडव्या काठीला परबाण म्हणतात. परबाण तिरका वर चढतो आणि शिडाचं टोक काठीच्या वर जातं. म्हणजे काठी ठेंगणी असली तरी ८ चौरस मीटर ताडपत्री वाऱ्याला लागते. खोट एकच, पाठीमागून वारा असताना शीड पुरतं उघडता येत नाही, कारण परबाण बाजूच्या तणाव्याला, म्हणजे काठीला ताणून धरणाऱ्या तारेला, अडतो. ती खोट आम्ही पत्करली.

आता काठी कशाची, हा प्रश्न. त्याआधी तिच्यावर भार किती येतो ते काढायला हवं होतं. कॅटामरानचा हिशेब एका बाबतीत सोपा आहे. ती एका होडीवर टेकून दुसरी पाण्यातून उचलण्याच्या बेतात येते, तोच तिच्यावरचा सर्वांत मोठा भार. त्या क्षणी नावेला उलटवणारा जोर आणि तिला धरून ठेवणारा जोर बरोबरीत असतात. धरून ठेवणारा जोर म्हणजे एकूण वजन गुणिले होड्यांमधल्या अंतराचं अर्ध. आणि तणावा होडीवरच, म्हणजे काठीपासून तेवढ्याच अंतरावर बांधलेला. त्यामुळे वाऱ्याकडच्या तणाव्यावर त्या क्षणी जवळपास सगळ्या नावेचं वजन येतं. मी हे धान मोजायच्या काट्यावर नाव सुटी करून तोलून दाखवलं. नाव १८० किलो, दोन माणसं १३०, एकूण ३१०. "म्हणजे ही पूर्ण नाव या एका तारेवर टांगली, असं समज." मेहुण्याने तारेकडे पाहिलं आणि ३ मिमीऐवजी ४ मिमीची तार आणली. ती साधारण ९०० किलोला तुटते. क्लिपांनी थोडी कमजोर होते, म्हणून दर टोकाला तीन क्लिपा.

तणावा खाली ओढतो तेव्हा काठी तेवढीच दाबली जाते. पुढचा तणावा, शीड वर ओढणारा दोर आणि काठीचं स्वतःचं वजन धरून मी ४०० किलो दाब मानला. पातळ लांब काठी दाबाने चिरडत नाही, मध्येच वाकून मोडते. त्यामुळे तिच्या जाडीला महत्त्व, आणि तणावे किती उंचीवर बांधले त्याला त्याहून जास्त. तणाव्याची उंची काठीच्या टोकावरून, म्हणजे ५.२ मीटरवरून, साडेचारवर आणली तर तीच काठी सुमारे एक तृतीयांश जास्त दाब सोसते. हे सूत्र ऑयलरचं, अठराव्या शतकातलं.

पर्याय तीन होते. पहिला फुकटचा: जुन्या तुषार सिंचन संचातला ७५ मिमीचा ॲल्युमिनियमचा पाइप, सहा मीटर लांब, गोठ्यात पडलेला. कागदावर तो पास झाला, ७०० किलोच्या वर. पण त्याची भिंत जेमतेम दीड मिमी. असा पाइप सरळ असेपर्यंत दणकट. एकदा पोचा पडला की तिथूनच डब्यासारखा दुमडतो, आणि आमच्या पाइपला बैलाच्या पायाचे दोन पोचे आधीच होते. दुसरा पर्याय दोन इंची जीआय पाइप. ताकद भरपूर, पण मीटरला पाच किलो, म्हणजे काठी २६ किलोची. एवढं वजन पाच मीटरवरून डोक्यात आलं तर पुढचं प्रकरण कोणी लिहायचं?

तिसरा बांबू. इकडे मानवेल जागोजागी मिळतो, तो भरीव किंवा जाड भिंतीचा असतो पण जाडीला बेताचा. आम्ही धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, काटांग जातीचा बांबू घेतला, मध्यभागी ९० मिमी, भिंत १४ मिमी. शेतातल्या बांबूला २०१७ पासून वन कायद्यात झाड मानत नाहीत, त्यामुळे तोडीची कटकट नव्हती. हिशेबाला त्याची लवचीकता हात राखून धरली तरी साडेचार मीटर उंचीला तो १,२०० किलोपर्यंत टिकतो, म्हणजे तिप्पट. वजन १२ किलो. आणि एक गोष्ट पाइपात विकत मिळत नाही: बांबूचं प्रत्येक पेर आतून बंद असतं, त्यामुळे नाव आडवी झाली तरी काठी तरंगते. पाइपाची दोन्ही टोकं बुजवली नाहीत तर तो पाणी पिऊन नावेला खाली ओढतो.

बांबू तोडला हिवाळ्यात. हिवाळ्यात बांबूत पिष्ट कमी असतं; ते जास्त असलं की भुंगा लागून पीठ पडतं. अमावास्येला तोडावा असंही गावात म्हणतात. आम्ही तोडला तो रविवार होता, एवढंच सांगतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात पंधरा दिवस, मग सावलीत महिनाभर.

इथवर सगळं पुस्तकी. चूक पुढे झाली, आणि ती माझी होती.

बुडख्याशी बिजागरी करून काठी मागच्या बाजूला आडवी ठेवायची आणि पुढे ओढून उभी करायची, असं ठरलं. मी बुडखा आरपार छेदून १२ मिमीचा बोल्ट टाकला. वजन इनमिन १६ किलो, परबाणाची कप्पी आणि तारा धरून. चार माणसं असताना कशाला यंत्रणा हवी, असं मला वाटलं. दोघांनी काठी हातावर चढवत नेली, मेहुणा पुढून दोर ओढत होता. साठ अंशांपर्यंत आली आणि डावीकडून वाऱ्याची झुळूक आली. झुळूकच, वादळ नाही. काठी उजवीकडे कलंडली, बिजागरीचा बोल्ट पिळवटला आणि बुडख्यापासून वर दोन पेरं बांबू उभा चिरला. कोणाला लागलं नाही. काठावर बसलेल्या ढिवर काकाजींनी बिडी विझवली आणि उठून गेले. ते काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बाजूचे तणावे बांधलेले होते, तरी काठी पडली कशी? त्या संध्याकाळी मी कागदावर काढून पाहिलं. तणाव्यांचे कडे होड्यांवर बिजागरीच्या रेषेच्या ४० सेंटीमीटर मागे होते. ते तसंच हवं, कारण उभ्या काठीला मागूनही आधार लागतो. पण काठी मागे आडवी असते तेव्हा तिचं टोक कड्यांच्या जवळ येतं आणि तणावा ढिला पडतो. आडव्या स्थितीत ४० सेंटीमीटर ढील, आणि साठ अंशांवर अजूनही २०. वीस सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्या ढिलाईने काठीचं वरचं टोक बाजूला मीटरभर कलू शकतं. तणावे ताठ होतात ते काठी पूर्ण उभी झाल्यावरच, म्हणजे गरज संपल्यावर. वर चढतानाच्या सगळ्या प्रवासात ती बाजूने मोकळीच होती.

याचं उत्तर मला मंडपवाल्याकडून मिळालं. झाडीपट्टीच्या नाटकांना दिवाळीनंतर जोर चढतो, वडसा ही त्यांची पेठ, आणि गावोगावी रातोरात मंडप आणि रंगमंच उभे राहतात. आमचा मंडपवाला वीस वर्षं हेच करतो. त्याने चिरलेला बांबू पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "जवाईबापू, आधी दोर बांधा ना, मग बांबूले हात लावा." मग त्याने पायाच्या दोन्ही बाजूंना, पायाच्याच रेषेत, दोन खुंट्या ठोकून दाखवल्या. वरचा दोर त्या रेषेत बांधला तर बांबू आडवा असो, तिरपा असो की उभा, दोराची लांबी बदलत नाही.

नावेवर हे आयतं जमत होतं. पुढचा आडवा पाइप बिजागरीखालूनच जातो, त्याची दोन टोकं म्हणजे त्याच्या दोन खुंट्या. फक्त बिजागरी पाइपाच्या वर १० सेंटीमीटर होती, म्हणून टोकांवर तेवढेच लाकडी ठोकळे बसवले. त्यांना दोन तात्पुरते दोर, उभारणीपुरतेच, काठी उभी राहिली की सोडायचे.

दुसरा बांबू तोडून वाळेपर्यंत दोन महिने गेले. या वेळी बुडख्याला भोक नाही. शेवटच्या गाठीच्या आत सागाचा गुळगुळीत ठोकळा ठासला, बाहेरून लोखंडी टोपण, आणि बिजागरी टोपणाला. बांबू लांबीच्या दिशेने चिरतो, म्हणून त्याला छेदायचं नाही, आवळायचं. तणावेही तसेच, बोल्टवर नाहीत. गाठीच्या वर लाकडी गालपट्ट्या दोराने करकचून बांधल्या आणि तारेचे फास त्यांच्यावर टेकवले.

ओढण्यासाठी एक दीड मीटरची बल्ली काठीच्या बुडख्याशी काटकोनात उभी केली. ही गोष्ट समजायला वेळ लागतो, पण एकदा कळली की विसरत नाही. काठी आडवी असताना पुढून थेट ओढलं तर दोर जवळजवळ काठीच्याच रेषेत असतो. कितीही जोर लावा, काठी उचलायची सोडून बुडख्याकडे दाबली जाते. मधे बल्ली उभी असली की दोर आधी बल्लीच्या टोकावर जातो आणि तिथून खाली नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. नाळ काठीपासून १.९ मीटर पुढे. या मापांना सुरुवातीची ओढ ३४ किलो निघाली, म्हणजे तीन दोरांच्या कप्पीवर घर्षण धरून साधारण १५ किलो. काठी वर येते तशी ओढ कमी होत जाते. बल्लीलाही बाजूचे दोर त्याच रेषेत बांधले, नाहीतर काठी सरळ आणि बल्लीच आडवी, असा दुसरा तमाशा झाला असता.

मेहुण्याच्या बायकोने एकटीने ओढून काठी उभी केली. मी बाजूला उभा होतो, हात मागे बांधून. पुढचा तणावा नाळेवर अडकवला, तात्पुरते दोर सोडले, तारा ताणायचे टर्नबकल आवळायला घेतले.

आणि पुढचा आडवा पाइप वाकायला लागला.

पाइप दोन इंची जीआय होता, घरी पडला होता म्हणून लावलेला. दोन होड्यांमध्ये दोन मीटर मोकळा आणि बरोबर मधोमध काठी. ४०० किलो मध्यावर धरले तर पाइपातला ताण २३० मेगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे लोखंड कायमचं वाकण्याच्या उंबरठ्यावर. आम्ही तर वारा नसतानाच तणावे आवळत होतो. काठीचा एवढा काथ्याकूट केला आणि ती कशावर उभी राहणार याचा हिशेब मी केलाच नव्हता. सोळा वर्षं शेडच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, जोडणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची लाज वाटली.

उपाय मात्र माझ्याच धंद्यातला निघाला. शेडची कैची उलटी करून पाइपाखाली लावली. मध्यावर खाली २० सेंटीमीटरचा खुंट, आणि त्याच्या टोकावरून दोन्ही होड्यांकडे जाणारी १२ मिमीची सळई. काठी खाली दाबते, खुंट सळईला ताणतो, सळई होड्यांना आत ओढते आणि पाइप फक्त दाबला जातो, वाकत नाही. सळईवर साधारण हजार किलोची ओढ येते, ती १२ मिमीला सहज पेलते. बाहेरच्या छोट्या कॅटामरानांवर ही रचना सर्रास दिसते. मला ती शोधावी लागली नाही, फक्त आठवायला हवी होती.

फेब्रुवारीत नाव पाण्यात गेली. हिवाळ्यात इकडे वारा नावालाच, ताडपत्री लोंबकळत राहायची आणि वल्हंच मारावं लागायचं. "एवढी काठी कायले लावली बे," असं काठावरून ऐकू यायचं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात ठेवावं लागतं. ताशी २० किलोमीटरला आमच्या शिडावर साधारण १६ किलो, ताशी ६० ला १४०. शिडाचा मध्य पाण्यापासून तीन मीटरवर धरला, तर ही नाव ताशी ५० ते ५५ च्या झोताला उलटते. विदर्भात अवकाळीच्या आधी येणारा झोत तेवढा असतोच. मार्चमध्ये एकदा आभाळ काळवंडलं, वाऱ्याकडची होडी हातभर उचलली गेली, आणि मेहुण्याने शिडाचा दोर हातातून सोडून दिला. नाव धपकन बसली. दोर कुठेही पक्का बांधायचा नाही, हातातच धरायचा, हा नियम त्या दिवशी त्याला पटला. आता विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप पाहिल्याशिवाय तो निघत नाही. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपली काठी असते, आणि ओला बांबूही विजेला वर्ज्य नाही.

कॅटामरान उलटी झाली तर उलटीच राहते, सुलटी जितकी स्थिर तितकीच. म्हणून ती आडवी असतानाच थांबवावी लागते. आम्ही लाइफ जॅकेट घालून, छातीभर पाण्यात मुद्दाम नाव आडवी पाडली. काठीच्या टोकाला आधी पाच लिटरचा तेलाचा डबा बांधला होता. टोक हळूहळू बुडालं आणि चिखलात रुतलं. जागा सासऱ्यांच्या बांदीचीच असावी, असा अंदाज मेहुण्याने धुऱ्यावरच्या मोहाच्या बुंध्यावरून बांधला. काठी उपसायला अर्धा तास गेला. मग २० लिटरचा पाण्याचा कॅन बांधला. नाव कुशीवर तरंगत राहिली, आणि दोघांनी खालच्या होडीवर उभं राहून, वरच्या होडीला बांधलेल्या दोराला लटकून ती सुलटी केली. डोक्यावर निळा कॅन मिरवणारं शीड दिसायला भिकार दिसतं. मेहुणा त्याला रंग देणार होता, अजून दिला नाही.

या पावसाळ्याआधी काठी उतरवली तेव्हा बुडख्यापासून तिसऱ्या पेरावर केसाएवढी उभी चीर दिसली. कारण उन्हात सुकणं असेल किंवा टोपण जास्त आवळलं गेलं असेल. चिरेवर नायलॉनचा दोर घट्ट गुंडाळून रेझिन लावलं आहे, एका मोसमापुरतं. धुऱ्यावरचा दुसरा काटांग हेरून ठेवला आहे. ढिवर काकाजी परवा येऊन त्याला हात लावून गेले, आणि म्हणाले, हा थोडा वाकडा आहे, पलीकडचा घ्या.